वरोरा ते एटापल्ली, गरम कॉइलसह

वरोऱ्याहून सकाळी सातला निघालो. मोटारसायकल माझी, अठरा वर्षं जुनी. जिवतीच्या शाळेत शिकवत असताना रोज घाट चढवलेली. आता बदली एटापल्लीला झाली होती आणि रुजू होण्याचा शेवटचा दिवस आजच होता. मागे नवरा, प्रशांत. बाईमाणसाने जंगलात एकटीने जाऊ नये म्हणून तो आला होता. गाडीतलं त्याला पेट्रोलच्या भावापलीकडे काही कळत नाही.

गोंडपिपरीच्या पुढे गाडी बंद पडली. मी प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. तेवढ्यात टपरीवरचे तिघं उठून आले आणि थेट प्रशांतला म्हणाले, "भाऊ, कार्ब्युरेटरमधी कचरा आला असन."

"मले तेच वाटून राह्यलं," प्रशांत गंभीरपणे म्हणाला.

"ठिणगीच पडत नाही," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. अर्धा तास चर्चा झाली, मग एकाने सहज किक मारली आणि गाडी सुरू झाली. तिघांनीही श्रेय घेतलं.

आष्टीला पुन्हा तेच. मेकॅनिक प्रशांतला म्हणाला, "प्लग गेला भाऊ."

"याच प्लगवर गाडी पुन्हा सुरू झाली होती," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही सावलीत बसा ना."

बसले. वैनगंगेची तळलेली मासळी आणि भात खाल्ला. मासळी उत्तम होती. तोवर इंजिन थंड झालं आणि नव्या प्लगने गाडी सुरू झाली. "पाह्यलं?" मेकॅनिक म्हणाला. प्रशांतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्लग त्यानेच घडवला होता.

आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलात, ती तिसऱ्यांदा थांबली. ट्रकांची लाल धूळ अंगावर बसत होती. रुजू व्हायचं ते एटापल्लीचं कार्यालय बंद व्हायला दोनच तास उरले होते. टाकीखाली हात घातला तर प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा चटका बसला. तापली की ठिणगी बंद, निवली की सुरू! इतकं सोपं होतं, आणि मी दिवसभर पुरुषांची मतं ऐकत बसले होते.

रस्त्यालगतच्या घरातून एक गोंड बाई आली. "एर (पाणी) पाह्यजे का?" तिने कळशी आणली. मी प्रशांतच्या गळ्यातला कोरा पांढरा दुपट्टा भिजवून, घट्ट पिळून कॉइलवर गुंडाळला.

"गाडी तुयी (तुझी)?" तिने विचारलं.

"माझीच."

तिने प्रशांतला नीट न्याहाळलं. "मंग हा काऊन (कशाला) आला?"

पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. मग दर काही मैलांवर दुपट्टा भिजवत पुढे गेलो. कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना आत शिरलो. बाबूने रुजू अहवाल प्रशांतपुढे सरकवला. "इथी सही करा सर." मी कागद ओढून घेतला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीत नवी कॉइल बसवली आणि उरलेलं सामान आणायला वरोऱ्याला परतलो. गाडी एकदाही थांबली नाही. संध्याकाळी प्रशांत शेजाऱ्याला सांगत होता, "मले तं आष्टीलेच कॉइलचा डाऊट आला होता."

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आमच्या घरी एक तज्ज्ञ तयार झाला. सकाळी शेजारी आपली बंद पडलेली स्कूटर ढकलत दारात घेऊन आला. सामान बांधून मी एकटी एटापल्लीला निघाले, तेव्हा दोघं मिळून सीट उघडून कॉइल शोधत होते.