भावोजींची सूज

जाड माणसं जगात पुष्कळ असतील, पण आपल्या जाडेपणाला डॉक्टरची साक्ष काढून मिरवणारे आमचे भावोजी एकटेच. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. किहीमच्या अलीकडे त्यांचं घर. वाडवडील मिठागरात राबले, यांचे दोन ट्रक आहेत. स्वतः गाडी चालवायचे तेव्हा वळणावर हॉर्नला हात लावावा लागत नसे, ते काम पोटच करी. पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, की चरबी नुसती पडून राहत नाही, फार झाली की तिला आतून सूज येते, आणि त्या सुजेमुळे अंगाला साखर जिरवता येत नाही. भावोजींनी यातला एकच शब्द उचलला आणि आमच्या ओटीवर येऊन मला सांगितलं, "मी जाडा न्हाय, वयनी. मी सुजलोय."

त्या दिवसापासून त्यांचा रुबाबच बदलला. पोटावरून कुणी थट्टा केली, तर दुखणाइताला हसतोस व्हय, म्हणून त्यालाच ओशाळवाणं करत. लग्नाच्या पंगतीत वडे तिसऱ्यांदा मागून घेत, आजारी माणसाला नाही म्हणू नये म्हणत. आणि सूज म्हटल्यावर उपाय घरचेच. वन्स रोज सकाळी जाडं मीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून त्यांचं पोट शेकायच्या. पोटाचा विस्तार असा, की या कडेपासून त्या कडेला पोचेपर्यंत मीठ गार होई. मग हळदीचा लेप आला. सगळी बनियनं पिवळी झाली. एकदा आमच्या भिंतीला टेकले, तर भिंतीवर परातीएवढा डाग उठला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हात जोडले. ही सूज शेकून जाणारी नाही, डोळ्यांना दिसणारीही नाही, म्हणाले. चरबीतली सूज शमवणारी औषधं शोधायचं काम चाललंय, पण आज तुम्हाला देण्याजोगं काही तयार नाही. तोवर कमी खा, चाला आणि गोळ्या चुकवू नका. भावोजींनी ऐकलं ते एवढंच, की औषध येतंय. मांडव्याला मुंबईची बोट लागली, की उतरणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला विचारायचे, सुजेचं औषध आलं का. साखरेच्या गोळ्या मात्र त्यांनी बंद केल्या. दुखणं सुजेचं, गोळ्या साखरेच्या, त्या बिचाऱ्यांना चुकीच्या घरी कशाला धाडायचं, असं त्यांचं म्हणणं.

दोनेक महिन्यांत भावोजी खरोखरच उतरू लागले. पँटला सुतळी आली. मग त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, पोट दाखवलं आणि सूज गेली म्हणून पेढे वाटले. मला हसू आवरेना. पण मी आत गेले तर वन्सांचं तोंड उतरलेलं. दिवसभर पाणी पितात, सारखे लघवीला उठतात, खाणं आहे तेवढंच आहे आणि अंग नुसतं विरघळत चाललंय, म्हणाल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर बरं झालेल्या माणसाने तिकडे कशाला जायचं, असं विचारतात. त्या रडत नव्हत्या. पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, परत घालत होत्या. भावोजींपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, "भावोजी, औषध येईल तेव्हा ते घ्यायला तुम्ही नको का?"

भावोजींनी पोटावरून शर्ट खाली ओढला. मग आत बघून वन्सांना म्हणाले, "माझ्या चपला काढ."

साखर इतकी चढली होती, की डॉक्टरांनी त्यांना ठेवूनच घेतलं. सूज कसली उतरते, साखरेनेच माणूस खाल्ला होता. आता रोज इंजेक्शन असतं. वन्स टोचतात आणि भावोजी भिंतीकडे तोंड करून बसतात. पोट थोडंसं परत आलंय. डॉक्टर त्यावरून रागावतात, पण वन्स त्या पोटाकडे बघतात तेव्हा त्यांना बरं वाटत असावं. संध्याकाळी दोघं समुद्राकडे चालायला जातात. परवा मला वाटेत भेटले. वन्स चार पावलं पुढे गेल्या, तसं भावोजींनी हळूच विचारलं, "येल ना हो, वयनी, ते औषध?"

मी येईल म्हटलं. मला काय ठाऊक. पण ते माझ्या तोंडाकडे बघत उभेच राहिले, आणि एवढा अवाढव्य माणूस मला पहिल्यांदाच लहान वाटला.