ताजा कलम आणि अण्णांची पगडी

संस्थान विलीन झालं, तेव्हा मीही विलीन झालो. म्हणजे माझं खातं दुसऱ्या खात्यात ओतलं गेलं, आणि ओतताना मी तेवढा बाहेर सांडलो! दरबारी पत्रांचे मसुदे लिहिण्यात माझा हात धरणारा अख्ख्या लश्कर शहरात कोणी नव्हता. पण आता दरबारच उरला नव्हता.

शहरातल्याच हजीरा भागातल्या एका कारखान्याला यंत्रांची माहितीपत्रकं लिहिणारा हवा होता. अट एकच: ज्यानं यंत्र कधी पाहिलं नाही, त्याला नुसतं वाचून ते चालवता यावं. त्यांनी भिंतींना चुना मारायचा पंप घरी दिला. महिनाभर मी तो खोलला, जोडला, भागांची नावं घोकली आणि पत्रक लिहिलं (आधी मराठीत, मग हिंदी करणार होतो).

परीक्षेला वडील बसले. अण्णा जन्मभर दरबारी कारकून. कागदावरचं एक कलम बजावल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही, हा त्यांचा धर्म. कामाचा कागद म्हणून डोक्यावर पगडीसुद्धा!

"'दट्ट्या वीस वेळा दाबावा.' दाबला! 'तोटी उघडावी.'"

"अण्णा, नळी..."

"मध्ये बोलू नकोस! कागदात नाही ते!"

फस्सकन चुना उडाला. पगडी, चष्मा, मिशा, सगळं पांढरं! अण्णा दचकून वळले, तर आईचे वाळत घातलेले पापड गेले.

"तोटी बंद करा!" आई ओरडली.

"बंद करायचं कलम कुठाय? मला दिसत नाहीये, वाच रे!"

मी वाचलं, "ता.क. तोटी उघडण्यापूर्वी नळीचे तोंड भिंतीकडे करावे."

(दरबारी पत्रात मुद्द्याची गोष्ट ताजा कलमात घालायची. हात वळणावर गेला!)

अण्णांनी तोंड धुतलं. मला वाटलं, आता नोकरीही गेली आणि घरही. ते म्हणाले, "परत लिही. मी बसतो." सहा वेळा लिहिलं, सहाही वेळा ते पगडी घालून बसले. त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

कारखान्यात साहेबांनी विचारलं, "किस पर आज़माया?"

"पिताजी पर।"

"सलामत हैं?"

"जी, बाहर खड़े हैं।"

साहेबांनी खिडकीतून पांढरी पगडी पाहिली आणि मला नोकरी दिली. छापील पत्रकाची पहिली ओळ होती, 'सबसे पहले नली का मुँह दीवार की ओर करें।' अण्णा ते येईल त्याला दाखवायचे, "आमच्या चिरंजीवांनी लिहिलंय!"

घरात मात्र मी लिहिलेला कुठलाही कागद, अगदी वाण्याची यादीसुद्धा, सगळे अजून खालून वर वाचतात!