चादरीचं दुसरं टोक

लॉन्ड्रीतल्या बायका तिला लवंगी म्हणत. उंची जेमतेम साडेचार फूट, पण जीभ अशी की सुपरवायझरसुद्धा तिच्याशी बोलताना एक पाऊल मागे उभा राही. हॉस्पिटलच्या तळघरात बावीस वर्षं ती आजाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या अंगाखालच्या चादरी धूत आली होती. देवाची सेवा कशी करतेस असं कुणी विचारलंच, तर ती सरळ मशीनकडे बोट दाखवायची.

त्या कामात एका गोष्टीला दोघी लागतातच. ड्रायरमधून निघालेल्या चादरीचं एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने. झटकायची, जुळवायची, पुढे द्यायची. एकटीने घडी घालायला गेलं की चादर जमिनीला लागते आणि परत धुवायला जाते. दुपारपर्यंत प्रत्येकीच्या शंभर व्हायलाच हव्यात.

त्यांच्यातल्याच एकीचं, चष्मेवालीचं, दुसरं टोक मात्र महिनाभर कुणी धरत नव्हतं. तिथेच कामाला असलेल्या लवंगीच्या धाकट्या बहिणीने फेकायच्या ढिगातली एक फाटकी चादर लेकराच्या दुपट्यांसाठी घरी नेली, ते चष्मेवालीने वर ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. धाकटीची नोकरी गेली आणि लेकराला घेऊन ती लवंगीच्या खोलीत राहायला आली. चष्मेवालीला वाळीत टाकायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी मान हलवली ती लवंगीनेच. तेव्हापासून चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेतली 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर' ही ओळ आली की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. खोटं बोलायचंच तर निदान देवाच्या तोंडावर नको, असं तिचं म्हणणं.

एका सोमवारी सुपरवायझरने चष्मेवालीला सुनावलं, की या आठवड्यात रोजच्या शंभर भरल्या नाहीत तर पुढच्या सोमवारी येऊ नका. त्या दुपारी चष्मेवालीने चादरीचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसरं धरून घडी घालायला लागली. गाठ सुटली, चादर ओल्या फरशीवर पडली. बायका पोट धरून हसल्या. लवंगीही हसली, आणि मध्येच थांबली. आपल्याला मजा वाटतेय हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिला रागच आला, तोही देवाचा. ती पुटपुटली, "ही बाई मला आवडत नाही. मी तिला माफही केलेलं नाही. पण तू काही मला सोडणार नाहीस." मग तिने तरातरा जाऊन नवी चादर ओढली आणि एक टोक चष्मेवालीच्या हातात कोंबलं.

"तुझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय दिलाय हिने," सगळ्यांत थोरली बाई म्हणाली.

"ठाऊक आहे. त्या बहिणीचं ताट रोज मीच वाढते," लवंगी म्हणाली. "म्हणून काय हिच्याही पोटावर पाय देऊ?"

दुसऱ्या दिवसापासून लवंगीचंही टोक कुणी धरेना. आता दोघींच्या मिळून दोनशे, आणि मध्ये हात बदलायला तिसरी कुणी नाही. बघू कोण आधी दमतं ते, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीतही उभी राहिली. खांदे भरून आले, बोटं सालटली. चष्मेवालीने माफीचा शब्द काढला नाही आणि लवंगीने तो मागितलाही नाही. शनिवारी शेवटची घडी पडली, तेव्हा सुपरवायझरने मोजून बघितलं आणि वहीत दोघींच्या नावापुढे पूर्ण शंभर लिहिले.

धाकटीला घरी सगळं आधीच कळलेलं होतं. लवंगी दारात आली तेव्हा तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

"तिच्यासाठी आठवडाभर सगळ्यांशी भांडलीस, ताई. माझ्या वेळी का गप्प होतीस?"

धाकटी लेकराला कडेवर घेऊन थोरल्या भावाकडे निघून गेली. रविवारी लवंगी उपासनेला गेली, शेवटच्या बाकावर बसली आणि भरपूर रडली. देवाकडे तिने काहीच मागितलं नाही. काय करायचं ते तिला चांगलं कळलेलं होतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

सोमवारी सकाळी ती तळघरात न उतरता जिना चढून वर ऑफिसात गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. साहेब काही विचारायच्या आत ती बोलायला लागली.

"ती फाटकी चादर ढिगातून मी काढली होती. घडी घालून बहिणीच्या पिशवीत मीच ठेवली. तिला काढलंत तेव्हा मी भ्याले, बोलले नाही. आज बोलतेय. शिक्षा मला करा आणि तिला कामावर घ्या."

साहेबांनी खुर्ची दाखवली. लवंगी उभीच राहिली.