दहीहंडीच्या दुपारी न उठलेलं बाळ

ती दहीहंडीची दुपार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निम्मा स्टाफ नाक्यानाक्यावर बंदोबस्ताला, उरलेले डीजेच्या तक्रारी घेऊन बेजार, आणि मी सकाळपासून उभ्याउभ्या एक वडापाव खाल्लेला. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने हाक मारली, "साहेब, हॉस्पिटलचा फोन आहे. दहा महिन्यांची मुलगी, पाळणाघरातून आणलीय. उठतच नाहीये. डॉक्टरांना विषबाधेचा संशय आहे."

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली आणि जीप काढली.

हॉस्पिटलच्या दारात मुलीची आई उभी होती, अंगावर मॉलमधल्या नोकरीचा युनिफॉर्म तसाच. "सणाला आम्हाला सुट्टी नसते साहेब. जरा लवकर सुटले म्हणून घ्यायला गेले. गाल थोपटले, पाणी लावलं, डोळेच उघडेना हो!" एवढं बोलून ती पुन्हा आत पोरीकडे धावली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, पण खमकी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "श्वास मंदावतोय. पोटात काही गेलंय की मेंदूचा ताप आहे, कळायला मार्ग नाही. लवकर कळलं नाही तर मुंबईला हलवावं लागेल."

"मग हलवा ना!"

"कशी हलवू? रस्ते तुम्हीच बंद केलेत. मुंबईच्या वाटेवर शीळफाट्याला ट्रॅफिकचं काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

मी वायरलेसवरून रस्ता मोकळा करायची तयारी ठेवायला सांगितलं, सोबत आमच्या हवालदारबाईंना घेतलं आणि पाळणाघर गाठलं.

ते पाळणाघर म्हणजे चाळवजा इमारतीतलं दोन खोल्यांचं घर. पन्नाशीच्या एक काकू ते चालवायच्या. खरं सांगतो, मी रागाने पेटलेलो. पेपरात वाचलेलं सगळं डोक्यात होतं, पोरं गप्प राहावीत म्हणून गुंगीचं औषध पाजणाऱ्या बायका वगैरे. हवालदारबाईंनी तर दारातच सुरुवात केली, "काय पाजलंत पोरीला? बऱ्या बोलाने सांगा!"

"देवाशपथ साहेब, औषधाचा थेंब दिला नाही. सकाळी वरणभात भरवला, बस!"

पंचांना बोलावून झडती घेतली. गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, कचऱ्याचा डबा, सगळं उलटंपालटं केलं. काही नाही. उलट घर असं की नाव ठेवायला जागा नव्हती. फिनेल माळ्यावर, गॅसचा कॉक बंद, पलंगाच्या कोपऱ्यांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या, पोरांना लागू नये म्हणून. आणि काकू? इतक्या वर्षांच्या नोकरीत एक शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस भाराभर तपशील देतो. ही बाई रडत नुसतं "नाही हो, नाही" करत होती. इकडे हॉस्पिटलमधून पुन्हा फोन, अजून फरक नाही. माझा जीव टांगणीला!

मी जमिनीवर बसकण मारली. आवाज उतरवला. "काकू, आज सकाळपासून जे जे केलंत ते जसंच्या तसं करून दाखवा. बोलू नका, नुसतं करा."

त्या उठल्या. सतरंजी अंथरली. दुपट्याच्या घड्या घातल्या. वरणभात कालवल्याची नक्कल केली, भांडी विसळली. मग ओट्याखालून सहाण काढली, डब्यातून जायफळ घेतलं, थेंबभर पाणी टाकलं आणि उगाळायला लागल्या. बाळगुटी! प्रत्येक मराठी घरात आजीच्या हाताशी असते तीच. तिला कोण औषध म्हणतं? काकूंनी म्हटलं नाही, आईने सांगितलं नाही आणि आम्ही सहाणेकडे पाहून पुढे गेलेलो.

हात गरागरा फिरत होता आणि काकू सवयीने पुटपुटत होत्या, "हे पिंकीचे वेढे... हे बंटीचे... हे सोनूचे..."

मी विचारलं, "काकू, आज मुलं किती होती?"

हात थांबला. चेहरा पांढराफटक.

"अगं बाई! आज सुट्टी ना... बाकी कुणीच नाही आलं. एकटी छकुलीच होती. पण हात रोजच्यासारखा चालला. रोजच्या पाचही पोरांचं उगाळून झालं तेव्हा ध्यानात आलं. म्हटलं, एवढं उगाळलेलं टाकायचं कशाला..."

"आणि?"

"तिलाच चाटवलं हो सगळं!"

मी ओरडलोच! तिथूनच डॉक्टरला फोन लावला. जायफळ, पाच मुलांचं, दुपारच्या आधी. पलीकडून ती म्हणाली, "थँक गॉड! एवढ्या जायफळाने बाळाला गुंगी चढते. आता अंधारात तीर मारायला नको. हलवत नाही, इथेच बघते."

संध्याकाळी ठाण्यात काकूंचा जबाब चालू असताना माझा फोन वाजला. पोरीची आई होती. तिने फोन सरळ पोरीच्या तोंडाशी धरला. आणि काय रडली हो ती कार्टी! टाहो फोडलेला नुसता! मी स्पीकर लावला. आमचा अख्खा स्टाफ टाळ्या वाजवायला लागला. काकूंनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्याही हमसून हमसून रडल्या.

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. कायदा कायद्याच्या जागी. पण या प्रकरणाने मला एक शिकवलं. गुन्हेगाराचा हेतू शोधायची आम्हाला सवय. इथे हेतूत खोट नव्हती, मायाच होती. तरी पोर मरता मरता वाचलं. एवढ्याशा जिवाच्या बाबतीत मायेचीसुद्धा उलटतपासणी घ्यावी लागते. काय दिलं, किती दिलं, कुणी दिलं, डॉक्टरांना विचारलं का. "आमच्यात पूर्वापार देतात" हे उत्तर नाही.

आता मला नात आहे. परवा बायकोच्या हातात सहाण दिसली आणि मी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. ती वैतागून म्हणाली, "काय हो, घरात पोलीस ठाणं उघडलंय का?"

म्हटलं, "हो, उघडलंय. आणि इथे जामीन मिळत नाही!"