पक्क्या रंगाची पिल्लं

कोंबड्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी आजही मानते. शहरात सात रस्त्याजवळच्या ऑफिसात दिवसभर फायली सांभाळते, पण गावी होटगीला घरी आले की मी कोंबडीवाली. खुडूक कोंबडी अंड्यांवर कुठं बसवायची, खाली भुसा किती घालायचा, पिल्लं बुडू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, सगळं मला येतं. फक्त घारीपुढं माझं काही चालत नव्हतं. मागच्या खेपेची नऊच्या नऊ पिल्लं तिनं नेली आणि त्यांची आई रिकाम्या अंगणात कितीतरी दिवस हाका मारत फिरली. मला ते बघवलं नाही. आता तीच कोंबडी पुन्हा बसली, दहा पिल्लं निघाली, आणि मी ठरवलं की यातलं एकही जाऊ द्यायचं नाही.

रंगीत पिल्लाला घार बिचकते म्हणून आमच्याकडं पिल्लांना रंग लावतात. सासूबाई कुंकू कालवून पाठीवर बोटभर लावायच्या, पण ते दोन दिवसांत निघून जायचं. अर्धवट काम मला खपत नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी माग आहेत, तिच्याकडून मी सूत रंगवायचा गुलाबी रंग आणला.

"चादर विरेल, पण रंग हलणार नाही," ती म्हणाली. मला तेच हवं होतं. रविवारी सकाळी एकेक पिल्लू हातात धरून चोचीपासून शेपटीपर्यंत रंगवलं, उन्हात वाळवलं आणि आईपुढं सोडलं.

पहिलं पिल्लू पंखाखाली शिरायला गेलं, तर तिनं मान फुगवून त्याला टोचलं. मग दुसऱ्याला. तिसरं कोलमडून पडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती त्यांना ओळखतच नव्हती. मी धावत जाऊन कोमट पाणी आणलं, साबण लावून दोन पिल्लं धुतली. रंग तसूभर हलला नाही. ओली पिल्लं थरथरत होती, आणि आई पलीकडं उभी राहून आपल्याच पिल्लांना हाका मारत होती. मला रडू फुटलं.

"धू नगंस आता, गारठून मरतील की," सासूबाई ओट्यावरून उठत म्हणाल्या. "डोळ्यानं वळखंना न्हवं ती? मग तिला दिसूच देऊ नगंस. डालगं आण."

"आत्या, आत कोंडल्यावर सगळ्यांना मारून टाकलं तर?" मी सासूबाईंना विचारलं.

"आंधारात आवाजानं वळखंल. आण म्हनते की."

दोन ओली पिल्लं फडक्यानं कोरडी केली. कोंबडी आणि दहाही पिल्लं त्या मोठ्या टोपलीखाली झाकली, वर दोन पोती टाकली. आधी धडपड ऐकू आली, मग चिवचिवाट, मग काहीच नाही. मी दोनदा पोत्याला हात लावला, दोन्ही वेळा सासूबाईंनी बाजूला केला. कोंबड्यांतलं सगळं येणारी मी, दुपारभर मुकाट बसून राहिले.

ऊन कलल्यावर डालगं जरासं उचललं. आई अंग पसरून बसली होती, पिल्लू एकही दिसेना. चाचपायला हात आत घातला, तशी तिनं मनगटावर टोच मारली, रक्त आलं. पंखाखालून एक गुलाबी डोकं बाहेर आलं, त्यामागून दुसरं. आता ती त्यांना नाही, त्यांच्यासाठी मला टोचत होती. मी हात मागं घेतला नाही. तिनं पुन्हा टोचलं.