ह्यांच्या नावाचं कुलूप

माझ्या सासूबाईंचा आवाज माझ्या फोनात होता. बावीस रेकॉर्डिंग. त्या जायच्या आदल्या वर्षी मीच हळूच फोन पुढं ठेवून भरून घेतलेली. काही फार मोठं ज्ञान न्हाय हां त्यात. येळवसची, म्हणजे वेळ अमावस्येची, बेसन लावलेली भाज्यांची भज्जी कशी करायची, आंबिलीला ताक किती, वाफवताना पिठाचे उंडे फुटतात का, आणि मधेमधे मला बोलणी. पण ह्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, आईचा आवाज म्हणून जगात तेवढाच राहिलेला. दर येळवसला शेतात जायच्या आधी एक तरी लावायचेच.

आणि तोच फोन आजारी पडला. बोलता बोलता काळा व्हायचा, मनात आलं की पुन्हा उठायचा. पुण्याला नोकरीला असलेल्या लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, फोन कधीही मरंल. मी एक डबी पाठवते. आतलं सगळं तिच्यात ठेव."

आठ दिवसांत खोकं आलं. त्यात दोन वस्तू. एक काळी डबी, जेवणाच्या डब्याएवढी, तिच्या पोटात सगळं साठवायचं. आणि दुसरी दोन शिंगांची पांढरी पेटी, तिला म्हणे राउटर. ह्यांनी दोन्ही पाटावर मांडल्या, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी डबीवर शिंपडणार तेवढ्यात मी हात धरला म्हणून बरं.

अडचण अशी की आमच्या घरी इंटरनेट न्हाय. वायर फाट्यापर्यंत येऊन थांबलीय. मोबाईलची रेंज फक्त गच्चीवर. खाली घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

हे म्हणाले, "इंटरनेट न्हाय तर ती शिंगवाली काय करणार? परत पाठव."

ह्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगावं लागतं. मी म्हणलं, "अहो, आपल्या गावात एसटी येत न्हाय म्हणून तुम्ही गल्लीतल्या गल्लीत चालायचं सोडलंय का? ही घरातल्या घरातली वाट हाय. माझ्या फोनातून निघायचं, डबीत जायचं. गावाबाहेर कुणाला जायचंय?"

पटलं. तोंडावर दाखवलं न्हाय, पण पटलं.

मग सुरू झाला कारभार. लेक पुण्याहून फोनवर सांगणार, हे गच्चीवर उभं राहून ऐकणार, आणि जिन्यातून खाली मला ओरडणार. मी डबीपाशी चष्मा लावून, माझा फोन हातात घेऊन बसलेली. मला शाळा चौथीपर्यंत, बाकीचं सगळं माझं मीच शिकलेलं. पण बटणं दाबायला मी भीत न्हाय.

"निळी वायर शिंगवालीत घाल!"

"घातली!"

"दुसरं टोक डबीत!"

"घातलं! पुढं?"

"थांब, ती कुकर उतरवायला गेलीय!"

असं. डबी चालू झाल्यावर माझ्या फोनाच्या पडद्यावर आधी म्हणाली, कंपनीकडं इंटरनेटवर खातं उघडा. आता आली का पंचाईत! लेकीनं वरून निरोप दिला, तिचं ऐकू नको, खाली बारीक अक्षरात 'फक्त घरापुरतं' असं काहीतरी असंल ते दाब, आणि मी सांगते तो नंबर वर लिही. दाबलं. लिहिला. उघडली! फक्त तारीख असली जुनी दाखवत होती की तवा माझं लग्नही व्हायचं होतं. लेक म्हणाली, तिला इंटरनेट न्हाय तर आजची तारीख कोण सांगणार, तूच घाल. घातली.

ह्यांच्या फोनाची वेगळीच तऱ्हा. वायफाय जोडलं की फोन विचारायचा, ह्याला इंटरनेट न्हाय, तरी जोडून राहायचं का? हे दर वेळी 'नाही' दाबायचे. तीनदा दाबलं.

"अहो, 'हो' म्हणा की!"

"पुढं गाडी जात न्हाय असं तोच सांगतोय, आन मी बसून राहू?"

शेवटी मीच 'हो' दाबलं. फिरून फिरून एवढं कळलं, की जिन्याच्या सातव्या पायरीवर खालचं वायफाय बी मिळतं आन वरची रेंज बी. त्या दिवसापासून हे पेपर वाचायला सुद्धा सातव्या पायरीवर बसतात.

मग डबीनं पासवर्ड मागितला. हे वर होते. मी एकटी. विचार केला, असं काय टाकावं की जे माझ्या तोंडून चुकून बी कधी बाहेर पडणार न्हाय? लगेच सुचलं. ह्यांचं नाव! लग्न झाल्यापासून मी 'अहो' आणि 'आमचे हे' ह्यावरच संसार केलाय. लिहायला काय, आधार कार्डाच्या फॉर्मवर बी लिहितेच. बोलायचं मात्र न्हाय. बँकेच्या पासबुकावर आहे तसं इंग्रजीत टाकलं. डबी म्हणाली अंक बी पायजेत. मागं एक दोन तीन लावले. माझ्या हुशारीवर मीच खूश.

रेकॉर्डिंग डबीत निघाली. पट्टी सरकत सरकत नव्वद टक्क्यांपाशी आलेली दिसली, आणि फोन काळा. तो उठलाच न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरत आलेली दिसली तशी मी पळतच जाऊन बसले आणि लोहाऱ्याला फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. घाईत चष्मा घरीच राहिला. दुकानदारानं फोन उघडून बघितला. म्हणाला, "काकू, होईल चालू. पण आतलं सगळं पुसावं लागंल. दुसरीकडं ठेवलंय ना?"

ठेवलं तर होतं, पण नव्वदपाशी थांबलेलं. बाविसाची बावीस पोचली का अठरा? त्याच्याच फोनवरून ह्यांना लावला.

"अहो, गच्चीवरून सातव्या पायरीवर उतरा, फोनात डबी उघडा, आईची रेकॉर्डिंग मोजा."

थोड्या वेळानं आवाज आला, "पासवर्ड मागतीय."

आता मी काय सांगू? दुकानात सहा-सात माणसं, एक कॉलेजची पोरगी, चहावाला, आणि कोपऱ्यात आमच्याच भावकीतली एक जाऊबाई बसलेली.

मी म्हणलं, "तुम्हाला ठाऊक हाय तो."

"काळभैरव टाकलं. न्हाय उघडत."

"तो न्हाय."

"तुझं नाव टाकलं. लेकीचं टाकलं. आपल्या म्हशीचं सुद्धा टाकलं!"

"अहो, मी कधी बोलत न्हाय ते!"

"तू काय बोलत न्हाईस? सगळंच तर बोलतीस!"

फोन मोठ्या आवाजावर होता. दुकान हसलं. मी दुकानदाराला म्हणलं, मेसेज करते. फोन हातात घेतला तर चष्म्याबिगर अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. तो बिचारा म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा, मी लिहितो." म्हणजे बोलणं आलंच की!

तेवढ्यात हे पलीकडून म्हणाले, आवाज जरा बदललेला, "आता ती म्हणतीय अजून एकदा चुकलं तर बंद होणार. आईचं गेलं तर न्हाय ना गं?"

जाऊबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बया! भाऊजींचं नाव टाकलंस व्हय? मग घे की उखाणा! नाव घ्यायला उखाण्यात बंदी थोडीच हाय?"

झालं. "घ्या काकू, घ्या!" चहावाल्यानं किटली खाली ठेवली. माझं वय बघा, आणि मी नव्या नवरीसारखी फोनच्या काउंटरला धरून उभी. पण ते 'गेलं तर न्हाय ना गं' कानात होतं. डोळे मिटले आणि म्हणलं,

"नेट न्हाय, रेंज न्हाय, डबी हाय घरी,
सासूबाईंच्या आवाजासाठी अमुकरावांचं नाव घेते लोहाऱ्याच्या बाजारी."

अमुकराव मी इथं लिहितेय. तिथं खरं घेतलं. आणि लगेच म्हणलं, "'राव' सोडा, पासबुकावर इंग्रजीत हाय तेवढंच, आन मागं एक दोन तीन!"

टाळ्या पडल्या.

"अहो? ऐकलं का?"

"आलं न्हाय नीट. पुन्हा एकदा घे."

"नीट आलंय तुम्हाला! टाका गुमान!"

"टाकतो. पण आता अख्ख्या बाजाराला पासवर्ड कळला की."

"कळू द्या. आपल्या सातव्या पायरीवर येऊन बसल्याबिगर कुणाला उघडतोय?"

मग मोजणं सुरू झालं. हे तिकिटं मोजल्यासारखे मोठ्यानं मोजतात. एकोणीस. वीस. एकवीस. थांबले. मी काउंटर घट्ट धरला.

"बावीस!"

दुकानदार म्हणाला, "काकू, शेवटचं लावून बघा म्हणावं. कधी कधी फाईल दिसती, पण आत आवाज नसतो."

ह्यांनी लावलं. आधी चुलीचा जाळ तडतडला, मग भांडं आपटलं, आणि मग त्या भरल्या दुकानात सासूबाई कडाडल्या, "साकू! साकू! किती बेसन वततीस? घरादाराला लापशी घालतीस का भज्जी?" त्यांचं माहेर कर्नाटकातलं. पुरे म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून 'साकू'च निघायचं. कॉलेजची पोरगी खुदकन हसली. जाऊबाईंनी सवयीनं पदर डोक्यावर घेतला. पलीकडं हे हसत होते का काय करत होते, नीट कळत नव्हतं.

दुकानदारानं बोट बटणावर नेलं. "मग काकू, पुसू का आता फोन?"

मी म्हणलं, "थांब बाबा जरा, सासूबाई अजून बोलतायत. मधीच तोडलेलं त्यांना चालत न्हाय."