एकच डोळा लाल

आमचे हे कामावरून आले, की आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा, ही माझी सवय. दारू सोडून तीन वर्षं झाली होती, पण माझं नाक काही निवृत्त झालं नव्हतं. चपला काढायच्या आत मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ जायची. त्यांनाही ते ठाऊक होतं. तरी तांब्या घेऊन पाणी प्यायचे.

ते जळगावच्या एका डाळमिलमध्ये कामाला. त्या सोमवारी उजवा डोळा लालभडक करून आले.

"कचरा गया वं डोयामा. तूरना भुसा."

मी हो म्हटलं, पण विश्वास शून्य. गल्लीत तेव्हा पोरांचे डोळे आले होते. त्यांचे दोन्ही डोळे चिपडांनी चिकटायचे. यांच्या एका डोळ्यातून नुसतं पाणी, म्हणजे ते नाही. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट नको म्हणाले आणि घरात गॉगल लावून बसले. बुधवारी बशीत ओतताना चहा बाहेर सांडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी कपाट, गाडीची डिकी, संडासामागचा कोपरा, सगळं धुंडाळलं. बाटली सापडली नाही, तेव्हा तर जास्तच संताप आला. एवढी लपवालपवी!

"दारूले हात बी लायेल नही मी," ते म्हणाले. "डोया ठणकी राह्यना. दवाखानामा दखाडी येऊ का?"

"रविवार होऊ द्या," मी म्हटलं. रविवारी धुळ्याच्या देवपूर भागातून पाहुणे आमच्या मुलीला बघायला येणार होते. डोळ्यावर पट्टी बांधून बसलेला बाप त्यांना कसा दिसला असता? आणि लाल डोळा तर त्याहून वाईट. पाहुणे गावात चौकशी करतात, आणि गाव जुनं काही विसरत नाही.

फ्रिजच्या दारात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. गुरुवारपासून मीच त्यांना आडवं करून दिवसातून चार-पाच वेळा थेंब टाकले. लाली उतरायला लागली. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. रविवारी पाहुणे आले, शेवभाजीवर ताव मारला, जाताना मुलगी पसंत असल्याचं सांगून गेले.

सोमवारी हे म्हणाले, उजव्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारली. बुबुळावर पांढरा डाग होता. भुशाने जखम होऊन आत बुरशी धरली होती. "इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, मला वाटलं हे प्यायला लागले.

"दारूने लाल झाले तर सहसा दोन्ही डोळे होतात, ताई. एकच डोळा लाल, त्यात ठणका, उजेड सोसवत नाही, अंधुक दिसतं, तर त्याच दिवशी यायचं. आता औषध करू, पण नजर पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही." मग त्यांनी मी पिशवीतून काढलेली बाटली हातात घेतली आणि त्यांचा आवाज चढला. "हे थेंब लाली घालवतात आणि आतली बुरशी वाढवतात. कोणी टाकले हे?"

मी पिशवीची घडी घालायला लागले.

"मीच टाकले, डॉक्टर," हे म्हणाले.

तीन वर्षं मी त्यांचं खोटं पकडायला टपून होते. ते माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलले, आणि मी ते चालू दिलं.